थोर पाहुणा

आइझूला मी गेले ती कामासाठी, हौसेनं नाही. आमच्या सॉफ्टवेअर कंपनीला जपानच्या त्या उत्तरेकडच्या डोंगराळ गावात एक क्लायंट मिळाला. तिथल्या लोकांशी जपानीत बोलणारं आणि पुण्याच्या टीमशी मराठीत भांडणारं कुणीतरी हवं होतं, आणि ते कुणीतरी मी निघाले. नवरा आणि मुलगी तोक्योजवळ इचिकावातल्या आमच्या घरीच राहिले. सोमवारी सकाळी बुलेट ट्रेन, मग डोंगरातली दोन डब्यांची गाडी. शुक्रवारी संध्याकाळी तेच उलटं. हॉटेलच्या खोलीत मला भिंती खायला उठतात, म्हणून गावाच्या कडेला एका आजींच्या घरातली रिकामी खोली भाड्यानं घेतली.

आजी ऐंशीच्या पुढच्या. जन्म याच घरातला, नवरा घरजावई म्हणून आलेला, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा तोक्योजवळ नोकरीला. घर शेतकऱ्याचं; मागे परस, परसापलीकडे भातखाचरं, जी आता दुसरंच कुणी कसत होतं. आजींचं माझ्यावर बारीक लक्ष असे. दह्याचा डबा न धुता प्लास्टिकच्या कचऱ्यात टाकला की सकाळी तो माझ्या दाराशी परत आलेला असायचा. आमचं जमलं ते त्यामुळेच. मला तोंडावर बोलणारी माणसं बरी वाटतात, आणि जपानात ती शोधावी लागतात.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला घर दाखवलं. कोठाराशी आल्यावर म्हणाल्या, हे नवं आहे, आधीचं गेल्या युद्धात जळलं. मी चेहरा शक्य तितका गंभीर केला आणि अमेरिकन विमानांबद्दल काहीतरी पुटपुटले. आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. अमेरिकन इथं कशाला येतील, म्हणाल्या, यामागुचीवाले आले होते. यामागुची म्हणजे याच देशाचं पश्चिमेकडचं टोक. गेलं युद्ध म्हणजे त्यांच्या लेखी दीडशे वर्षांपूर्वीचं, जपान्यांनी जपान्यांशी केलेलं. मधल्या महायुद्धाची त्यांच्या हिशेबी फारशी गणतीच नव्हती.

मला हसू आलं नाही. आमच्याकडे एखादा रिलीज झोपला की मी सुद्धा बिनदिक्कत म्हणते, पानिपत झालं. त्याला किती वर्षं झाली ते कुणी विचारत नाही.

युद्धाची गोष्ट थोडक्यात अशी. जुन्या शोगुनची सत्ता गेली आणि सम्राटाच्या नावानं पश्चिमेकडच्या संस्थानांनी सैन्य उभं केलं. आइझूचं संस्थान जुन्या धन्याशी इमान राखून राहिलं आणि त्याची पुरेपूर किंमत मोजली. पश्चिमेचं सैन्य डोंगर ओलांडून आलं, गाव जळालं, किल्ल्याला महिनाभर वेढा पडला. आत बायका ओल्या गोधड्या टाकून तोफेचे गोळे विझवत होत्या. शेवटी शरण जायची वेळ आली तेव्हा निशाणापुरतं पांढरं कापड उरलं नव्हतं, सगळं जखमांना बांधून संपलं होतं. चिंध्या जोडून निशाण शिवलं. मग हरलेल्या सैनिकांना बायकापोरांसकट आणखी उत्तरेला, धड काही पिकत नाही अशा गारठ्यात पाठवून दिलं, आणि तिथं माणसं उपासमारीनं मेली. हे सगळं किल्ल्यातल्या संग्रहालयात आहे. शाळेच्या सहली येतात, मुलं कंटाळलेली असतात.

शेतकऱ्यांची दालनं तिथं फारशी नाहीत. आजींचं म्हणणं असं, की ते सामुराईंचं युद्ध होतं, आमच्या वाट्याला ओझी आली. दोन्ही बाजूंचं सैन्य गावातल्या पुरुषांना तांदळाची पोती आणि दारूगोळा वाहायला धरून नेई. आजींच्या आजीचा सासरा असाच आपल्याच सैन्यानं नेला. पुढे तो कुणाची ओझी वाहत होता आणि कुठे पडला, ते कुणालाच कळलं नाही. मागे राहिली त्याची बायको, पंचविशीतली, पदरात तान्हं मूल, आणि शेतात कापणीला आलेलं भात. इथून पुढे मी तिला ‘ती बाई’ म्हणणार आहे, कारण आजीही तेच म्हणत.

आता पाहुण्याचं सांगते. ऑफिसात आम्ही उठताबसता एक शब्द वापरतो, ओक्याकुसान. अर्थ पाहुणा, पण आमच्यासाठी क्लायंट. ओक्याकुसान चिडलेत, ओक्याकुसानना उद्यापर्यंत हवंय. माझ्या डोक्यात त्या शब्दासरशी नीट इस्त्रीचा शर्ट आणि लॅपटॉप येतो. शरद ऋतूत, कापणी उरकल्यावर एकदा आजी म्हणाल्या, शनिवारी ओक्याकुसानचा दिवस आहे, तुम्ही असाल तर पिशवी धरायला या. मी त्या शुक्रवारी इचिकावाला गेले नाही. आजींकडे पाहुणे येणार आणि आपण हात हलवत बसायचं, हे काही मला पटेना. सकाळी उठून शिरा केला. साजूक तूप इथं मिळत नाही, लोणी कढवून केलं. खोली आवरली, बरा कुर्ता घातला.

आजींनी शिऱ्याकडे पाहिलं, वाटीवर झाकण ठेवून ती पिशवीत घातली. मग आम्ही मागच्या दारानं परसात गेलो, पर्सिमनच्या झाडाखाली. तिथं गुडघ्याएवढा एक दगड उभा होता. त्यावर नाव नाही, काही नाही. आजी त्याच्यापुढे वाकल्या आणि मला म्हणाल्या, हे आमचे ओक्याकुसान.

मी कपाळावर हात मारून घेतला असता, पण हातात पिशवी होती.

आजींनी दगड धुतला, उदबत्ती लावली, शिरा ठेवला. पाण्याचा वाडगा मात्र त्यांनी दगडापासून हातभर लांब ठेवला. मला वाटलं चुकून. नैवेद्याचं पाणी असं लांब कसं, म्हणून मी तो पुढे सरकवला. आजींनी तो पुन्हा मागे ओढला आणि हसल्या. आमच्याकडे असंच ठेवतात, म्हणाल्या, पाहुणे थोर आहेत ना, त्यांनी उठून घ्यावं.

मग घरात तातामीच्या चटईवर बसून चहा पिताना त्यांनी सगळं सांगितलं. युद्ध चालू असतानाच एका संध्याकाळी त्या बाईला परसात एक सैनिक पडलेला सापडला. पश्चिमेचा, शत्रूचा. विशीतला असेल, पोटाला लागलेलं. आपल्या माणसाला धरून नेलेलं, त्याचा पत्ता नाही, आणि दारात हा. तरी तिनं त्याला ओढत कोठाराच्या आडोशाला नेलं, पेज पाजली, पाणी पाजलं. शेजाऱ्यांना कळलं असतं तर धडगत नव्हती. रात्रभर तो एकच बोलत राहिला: एराई.

एराई म्हणजे थोर, मोठा. हा शब्द मला पहिल्यापासून ठाऊक. माझ्या मुलीनं पाळणाघरात डबा संपवला की बाई म्हणायच्या, एराई हां, म्हणजे शहाणी बाळ ती. ऑफिसात वरच्या साहेबांना आम्ही एराई लोक म्हणतो. तर हा मरायला टेकलेला माणूस सारखं म्हणत होता, मी थोर, मी थोर. आजींनी नक्कल करून दाखवली, मान मागे टाकून, शेवट लांबवून: “एराई नोऽ, एराई नोऽ.” त्यांच्या आजी अशीच नक्कल करायच्या, आणि त्या बाईकडून शिकल्या होत्या. घरात कुणी ऐट दाखवली की सगळे असंच म्हणत.

सकाळपर्यंत त्या बाईचं डोकं फिरलं. तिनं पाण्याचा वाडगा त्याच्यापासून हातभर लांब ठेवला, म्हणाली, एवढा थोर आहेस तर उठून घे, आणि मुलाला पाठीशी बांधून कापणीला निघून गेली. परत आली तेव्हा वाडगा तसाच होता आणि माणूस गेला होता. तिनं त्याला झाडाखाली पुरलं. त्याला काय म्हणायचं ते ठरेना, म्हणून ओक्याकुसान. वर्षातून एकदा त्याच्यापाशी जायचं, पाणी लांब ठेवायचं. या घरानं ते कधी चुकवलं नाही, आणि गावात कधी कुणाला सांगितलंही नाही.

आता ते चुकणार होतं. बर्फ वितळलं की आजी मुलाकडे राहायला जाणार होत्या, घर पाडून जागा दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची होती. मुलानं आपल्या घराजवळच्या मंदिरात कुटुंबाच्या अस्थींसाठी जागा घेतली होती, त्यात आजींचे आईवडील, नवरा, सगळे हलणार होते. पाहुण्याचं काय, हा प्रश्न होता. गावातल्या मंदिराच्या कोपऱ्यात बेवारशांच्या दगडांचा ढीग आहे. पहिल्यांदाच विश्वासात घेतल्यावर पुजाऱ्यांनी तिथं जागा देऊ केली होती. आजींनी जवळपास हो म्हटलं होतं. आम्ही आमचं केलं, म्हणाल्या, तो थोर आहे, त्याचं तो बघेल. पण हे बोलताना त्यांनी माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर झाडाकडे बघितलं, आणि पुढचे कितीतरी दिवस त्या पुजाऱ्यांना फोन करायचं टाळत राहिल्या.

हिवाळा आला. परसात दगडाच्या वरपर्यंत बर्फ चढलं. इकडे आमच्या रिलीजची घाई. आमचे टीम लीड मूळचे यामागुचीचे, पण आइझूत ते कुणी विचारलं की हिरोशिमाच्या बाजूचा असं सांगत. एकदा दारू पिताना शेजारच्या म्हाताऱ्यानं खरं गाव ऐकलं आणि त्यांच्या पेल्यात ओतायचं थांबवलं, तेव्हापासून. त्यांना या सगळ्याचं नवलच वाटे. आमच्याकडे हे युद्ध शाळेत एका धड्यात संपतं, म्हणायचे.

रिलीजच्या दिवशी सगळं सुरळीत गेलं. लीड टेबलावर डोकं ठेवून डोळे मिटून म्हणाले, “आऽ, एराई नोऽ.” मनात म्हटलं, घ्या, स्वतःच स्वतःची पाठ थोपटून घेतायत. रात्रंदिवस राबलो आम्ही, आणि थोर हे. मीही कमी नाही. मोठ्यानं म्हणाले, हो तर, तुम्ही फारच एराई आहात. आजूबाजूचे दोघेतिघे हसले. लीडनी डोकं उचललं तर डोळे लाल, अंगात सणसणून ताप. त्यांनी बिचाऱ्यांनी समजावून सांगितलं, की आमच्या बाजूला एराई म्हणजे थोर नव्हे. एराई म्हणजे अंग मोडून आलंय, दुखतंय, सोसवत नाहीये. तोक्योतही लोक फसतात, म्हणाले.

मी तापाची गोळी आणायला कोम्बिनीत गेले. दुकानाच्या दारात तो लांबवलेला ‘नोऽ’ माझ्या कानात पुन्हा वाजला आणि मी तिथंच उभी राहिले. दार उघडत मिटत राहिलं. पोटाला लागलेला माणूस रात्रभर सांगत होता की दुखतंय, दुखतंय. आणि तिनं वाडगा हातभर लांब ठेवला.

शनिवारी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तुला कुणी सांगितल्यात या लष्कराच्या भाकऱ्या भाजायला? तो गेला, ती बाई गेली, जिवंत आहेत त्या आजी. त्यांची झोप कशाला उडवतेस? बोलणं खोटं नव्हतं. ते घर दीडशे वर्षं एका चेष्टेवर शांत होतं. माझ्या एका वाक्यानं त्यांच्या पूर्वजांतली एक बाई, जिनं जीव धोक्यात घालून शत्रूला पेज पाजली, ती तहानलेल्याला पाणी नाकारणारी ठरणार होती. मला भीती वाटली, खरंच वाटली. पण बर्फ वितळलं की दगड ढिगात जाणार होता, आणि मग मला कळलेलं कळूनही काही उपयोग नव्हता. म्हणजे सांगायचं तर आत्ताच. आणि पुन्हा, या शब्दाबाबतीत माझ्यासारख्या परकीचं कोण ऐकणार? लीड हवे होते.

लीड आधी नाहीच म्हणाले. त्या घरात मी यामागुचीचा म्हणून जाऊ? मग दोन दिवसांनी स्वतःच विचारलं, कधी जायचं. येताना मिठाईचा खोका आणला, तोही मुद्दाम तोक्यो स्टेशनवरचा, म्हणजे कुठल्याच बाजूचा नाही.

आजींनी त्यांचं गाव विचारलं. लीडनी खरं सांगितलं. आजींचा हात किटलीवर क्षणभर थांबला, मग त्यांनी चहा ओतला. मी माझ्या मोडक्यातोडक्या सभ्य जपानीत सांगायला सुरुवात केली, निम्म्यात अडखळले, उरलेलं लीडनी पुरं केलं. हेही सांगितलं, की पश्चिमेला हा शब्द अर्ध्या मुलखात असाच बोलतात, तो माणूस आमच्याकडचाच असेल असं नाही.

आजींनी आपला पेला बाजूला सरकवला. मग लीडना म्हणाल्या, “म्हणून दाखवा. ताप आहे असं समजा.”

लीडनी डोळे मिटले आणि हळू आवाजात म्हणाले, “एराई नोऽ.”

त्यात ऐट नव्हती. शेवट लांबत होता तो कण्हल्यासारखा. आजी म्हणाल्या, अगदी असंच, माझी आजी अगदी असंच म्हणायची. मग उठून स्वयंपाकघरात गेल्या. नळ बराच वेळ चालू राहिला. लीड आणि मी एकमेकांकडे न बघता मिठाईच्या खोक्याकडे बघत बसलो.

पुढचे काही दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मी मुद्दामच दह्याचा डबा न धुता टाकला, तो परत आला नाही. तेव्हा मला रडू आलं. नवऱ्याचं ऐकायला हवं होतं असं वाटलं.

बर्फ ओसरलं. निघायच्या आदल्या दिवशी आजींचा मुलगा गाडी घेऊन आला, पुजारी आले, मीही सुट्टी टाकली. इतक्या वर्षांनी अस्थी कुठल्या सापडायला, दगडाखालची माती घ्यायची असं ठरलं होतं. पुजाऱ्यांनी मंदिरातल्या ढिगाजवळ जागा करून ठेवली होती. आजींनी आतून एक पांढरं भांडं आणलं, त्यांच्या आईवडिलांचं होतं तसलंच, आणि म्हणाल्या, ही माती आमच्यात येईल. मुलगा चपापला. कोण कुठला परका, आपल्या अस्थींत? नातेवाईक कुजबुजतील, असंही म्हणाला.

“पाहुणा कुठं इतकी वर्षं राहतो?” आजी म्हणाल्या.

पुजाऱ्यांनी मंत्र म्हणायला नाव विचारलं. आजी म्हणाल्या, नाव कळलं नाही, आमच्या घरातलं पोर म्हणा. पुजाऱ्यांनी तसं म्हटलं. मुलानं कुदळ घेऊन झाडाखाली ओली माती उकरली, आजींनी ती हातानं भांड्यात भरली, नखांत गेली तरी हात पुसले नाहीत.

मग नेहमीसारखी उदबत्ती लावली, वाडग्यात पाणी ओतलं. वाडगा त्यांनी सवयीनं हातभर लांब ठेवला. थोडा वेळ त्याकडे बघत राहिल्या. मग गुडघ्यांवर पुढे सरकत तो दगडाला अगदी टेकेपर्यंत ढकलला, आणि दगडावर हात ठेवून म्हणाल्या, “उठू नकोस.”